गोड पाण्याचा डबा

मे महिन्यात डोंबिवलीतल्या आमच्या चाळीची निम्मी बिऱ्हाडं कोकणात जायची. जाताना एस्टीच्या टपावर ट्रंका, येताना फणस. आम्ही मात्र नागपूरच्या गाडीत बसायचो, म्हणजे उन्हाला भिऊन लोकांनी जिथून पळून यावं त्या दिशेला निघायचो. शेजारच्या काकू दरवर्षी आईला विचारायच्या, "एवढ्या उन्हात पोरांना तिकडे कशाला हो नेता?" आई म्हणायची, "माहेर आहे माझं." पुढे काकूंना बोलायला काही उरत नसे.

हे माहेर अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जीच्या मधल्या काळ्या रानात. नकाशात शोधलंत तर लेहगाव आणि कापूसतळणी ही नावं सापडतील. आमचं गाव त्यांच्याहून लहान. अकोला मागे पडलं की मूर्तिजापूर येतं. रात्रभर गाडीत चेंगरून आलेलो आम्ही तिथे उतरायचो, नळावर तोंड धुवायचो आणि फलाटाच्या त्या अंगाला उभ्या असलेल्या शकुंतलेत जागा धरायला धावायचो. धावायची गरज नसे. ती कधीच वेळेवर सुटायची नाही.

शकुंतला म्हणजे अडीच फुटी रुळांवरची गाडी. मूर्तिजापूरहून तिला दोन फाटे होते. एक कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारा, 113 किलोमीटरचा. दुसरा उत्तरेकडे अचलपूरला, सुमारे 76 किलोमीटर, आणि तो आमचा. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी नावाच्या इंग्रजी कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे रूळ टाकले ते वऱ्हाडातल्या माणसांची सोय व्हावी म्हणून नव्हे. इथला कापूस मुंबईच्या गोदीत आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत जायला हवा होता. कापूस तिकडे गेला आणि तिकडून इंजिन आलं. 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन शकुंतलेला 15 एप्रिल 1994 पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी या रुळांची मालकी त्या कंपनीकडेच राहिली. गाडी आपली, माणसं आपली, रूळ मात्र परक्याचे. आबाजींना, म्हणजे आईच्या वडिलांना, या गोष्टीचा भारी राग. दरवर्षी आम्हांला घरी पोचून पाणी प्यायलाही उसंत न देता ते हा राग एकदा सांगून टाकत.

आम्हां पोरांना त्या रागाशी काय घेणं होतं? गाडी पाहिजे तिथे थांबते, एवढ्यावरच आम्ही खूश. एखादं फाटक आलं की ती अलीकडे उभी राही. गाडीतलाच एक माणूस उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे गेली की पुन्हा उघडी आणि आरामात डब्यात येऊन बसे. शेतातून कोणी हात केला तर ड्रायव्हर त्याच्याशी पिकापाण्याच्या चार गोष्टी करी. डब्यात माणसं, टोपल्या, कोंबड्या, एखादी शेळी आणि गाठोडी. लाकडी बाकावर बूड टेकायला मिळालं तर नशीब. एकदा एका म्हाताऱ्याने माझ्या मांडीवर सरळ आपलं टरबूज ठेवलं आणि स्वतः तंबाखू मळायला मोकळा झाला. लाखपुरी गेलं, पूर्णा आली. पूर्णेच्या पात्रात मे महिन्यात वाळू जास्त, पाणी थोडं. पुढे बनोसा, म्हणजे दर्यापूरचं स्टेशन, तिथे निम्मा डबा रिकामा व्हायचा. मग खिडकीतून दोन्ही अंगांना नांगरून पडलेली, भेगाळलेली काळी जमीन दिसे. भेगा अशा की बैलाचा पाय अडकावा. उत्तरेला, खूप लांब, मेळघाटच्या डोंगरांची निळी रेघ.

बनोशाच्या स्टेशनात माझ्या भावाने एकदा फायरमनला विचारलं, इथे इंजिनात पाणी का भरत नाही? तो घाम पुसत म्हणाला, "या पट्ट्यातलं पानी इंजिनले चालत नाही बापू. आत चुना धरते." भाऊ सात-आठ वर्षांचा. त्याने तिथेच मोठ्याने विचारलं, "मग आजीला कसं चालतं?" फायरमन हसला नाही. आईही नाही.

आमच्या थांब्यावर मामा दमणी घेऊन आलेला असे. बैलांच्या गळ्यात घुंगरं, दमणीत गवताची गादी, वर गोधडी. घर धाब्याचं. जाड मातीच्या भिंती, लाकडी माळवदावर मातीचा थर. त्यावर दर पावसाळ्याआधी खारी माती पसरत. ती भिजली की फुगते आणि मग छत गळत नाही. आमच्या गावच्या खारेपणाचा माणसाला झालेला एवढाच उपयोग मला आठवतो.

कारण बाकी सगळी कटकटच. पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेला हा खारपाणपट्टा. आठ-नऊशे गावं त्यात येतात. नदीने हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळात क्षार अडकून बसलेत. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागेल, पण खारं. ते पिकाला दिलं तर जमीन चोपण होते. म्हणून बागायत नाही. जे काय येईल ते पावसावर. कापूस, मूग, तूर, ज्वारी, आणि पाऊस संपल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर हरभरा. हरभरा मात्र असा येतो की विचारू नका.

आजीच्या घरात पाण्याला दोन जाती होत्या. खारं आणि गोड. अंगणातल्या आडाचं खारं. ते आंघोळीला, भांड्यांना, सडा टाकायला, जनावरांना. गोड पाणी स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातल्या दोन गुंडांत आणि रांजणात, त्यावर लाकडी झाकण, झाकणावर पालथा तांब्या. रांजणाला हात लावायचा हक्क फक्त आजीचा आणि मामीचा. आम्हांला पाणी मागून घ्यावं लागे आणि पेला पुरता रिकामा करावा लागे. उष्टं पाणी अंगणात फेकलेलं दिसलं की आजी म्हणायची, "सांडू नोको व बाई. तुमच्या मुंबईत नळ असतीन. अठी पोराच्या खांद्यावर येते ते."

आंघोळीच्या पाण्यात साबणाला फेस म्हणून येत नसे. अंगावर एक पांढरी साय धरल्यागत वाटे, केस दोऱ्यांसारखे चिकटून बसत. आम्ही नाकं मुरडायचो, मामेभाऊ आमच्याकडे बघून हसायचे. पण खरी गंमत तुरीच्या डाळीची. खाऱ्या पाण्यात डाळ शिजतच नाही. मामीने एकदा मला मुद्दाम दाखवलं. दोन गंजांत सारखीच डाळ, एकात खारं पाणी, एकात गोड, चुलीवर शेजारी-शेजारी. गोड पाण्यातली डाळ घोटायच्या बेताला आली तरी दुसरीचे दाणे अख्खेच, पळीने दाबले तर पिचकत, विरघळत नसत. मामीने ती डाळ वाया घालवली नाही. संध्याकाळी वाटून तिचे वडे केले. पण तेव्हा मला कळलं, या घरात रोजच्या वरणासाठी कोणीतरी रोज पाणी आणतं.

कोण आणतं, ते पाहायला मी मामाबरोबर पहाटे गेले. बैलगाडीवर दोन पत्र्याची पिंपं, एक बादली, एक दोर आणि तांब्या. नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरे केलेले असत. गुडघाभर खोल खड्डा, तळाशी पाझरून आलेलं वीतभर पाणी, नितळ आणि गार. तांब्याने भरायचं, बादलीत ओतायचं, बादली पिंपात. झिरा आटला की बाजूला बसून वाट पाहायची. तो पुन्हा भरेपर्यंत दुसऱ्याच्या झिऱ्याला हात लावायचा नाही, हा तिथला कायदा. बायका आपापल्या झिऱ्यावर काटेरी फांदी ठेवून जात, आणि त्या फांदीला कुलपाचा मान होता. मामा बोलत नसे. तांब्या घालायचा, काढायचा, घालायचा, काढायचा. डोंबिवलीला महापालिकेचा नळ सकाळी दोन तास येई. मी त्यावरून आईची रोजची धावपळ पाहिलेली, तरी हे पाहून गप्प झाले. उजाडता उजाडता दोन्ही पिंपं भरली. परतताना मामा दर खड्ड्याला खाली उतरून चाकाशी चालत होता. हिंदकळून पाणी सांडू नये म्हणून तो गाडीला खांदा देत होता.

आजी मूळची इथली नव्हे. तिचं माहेर पथ्रोटच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. रेल्वेने पाहिलं तर अंजनगावच्या पुढचं स्टेशन, पण तिथे पाणी गोड. केळी, संत्री, पानमळे. एवढ्याशा अंतरात जग बदलतं. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूने चहा दिला. आजीला वाटलं, चुकून साखरेच्या जागी मीठ पडलं. तिने गुपचूप पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशीचाही तसाच. तिसऱ्या दिवशी तिला कळलं की चुकीचं कोणी काही केलेलं नाही, पाणीच तसं. त्या वर्षी झिरे लवकर आटले होते. हे सांगताना ती हसायची, पण तिच्या भावाने काय केलं ते सांगताना तिचा स्वर बदलायचा.

तिच्या भावाने, म्हणजे आमच्या मामाआजोबांनी, शकुंतलेच्या गार्डाशी संधान बांधलं. पथ्रोटला गाडी आली की पत्र्याचा एक झाकणाचा डबा गार्डाच्या डब्यात चढायचा. त्यात विहिरीचं गोड पाणी. सोबत कधी केळ्यांचा घड, कधी विड्याच्या पानांची चवड. आमच्याकडच्या थांब्यावर गडी उभा असे, तो डबा उतरवून घ्यायचा आणि रिकामा डबा परतीच्या गाडीने जायचा. रोज नाही. सणाला, बाळंतपणाला, कोणी आजारी असलं की, आणि आम्ही मुंबईची नातवंडं आलो की. आमच्या पहिल्या दिवशीचा चहा त्या डब्यातल्या पाण्याचा होत असे. रेल्वेच्या कुठल्या नियमात ते बसत होतं, देव जाणे. इंग्रजांच्या कंपनीने मँचेस्टरसाठी काढलेल्या गाडीने आजीच्या चुलीला पाणी पुरवलं, याचं आबाजींना कौतुक होतं. पण ते कबूल करत नसत.

आम्ही पोचायचो ते बहुधा आखजीच्या सुमाराला. अक्षय्य तृतीयेला पितरांना नव्या घागरीतून पाणी द्यायचं, त्यावर आंबा ठेवायचा, आणि मग घरच्यांनी आंब्याला हात लावायचा. तोवर माचीवर पिकत घातलेले गावरान आंबे नुसते हुंगायचे. त्या दिवशीची घागर आजी गोड पाण्याने भरायची. मामेभावाने एकदा युक्तिवाद केला की पितरं गेली तेव्हा खारंच पीत होती, त्यांना काय फरक पडतो. आजीने त्याला असा काही डोळा दाखवला की तो जेवेपर्यंत बोलला नाही.

त्याच रात्री बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळ गावात घटमांडणी असते. शेतात घट मांडून, भोवती धान्यं ठेवून, दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. आबाजी दोन दिवस पेपरची वाट पाहत. भाकीत वाचून झालं की ते म्हणत, "यात काही खरं नाही." आणि तरी, त्यात कापूस 'मोघम' सांगितला असेल तर ते दिवसभर चिडचिडे असत. नव्या सालदाराशी बोलणं करणं, बियाण्याचा अंदाज, सावकाराकडे की सोसायटीकडे जायचं, हे सगळं त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात चालू असायचं. आमच्यासाठी जी सुट्टी होती ती त्यांच्यासाठी वर्षातला सगळ्यात काळजीचा महिना होता, हे समजायला मला स्वतः पगार आणि हप्ते यांच्या कात्रीत सापडावं लागलं.

दुपारी बाहेर फिरकायची बंदी. दारं लावून घेतलेल्या अंधाऱ्या खोलीत शेणाने सारवलेल्या जमिनीवर उघड्या पाठीने पडायचं. पारा 45 च्या पुढे. खिशात कांदा ठेवायचा, डोक्याला दुपट्टा. भाजलेल्या कैरीचं पन्हं. तरी एखाद्याला ऊन लागायचंच. मग त्याला कैरीचा गर अंगाला चोळून गप्प निजवायचं. बायकांना मात्र दुपारही मोकळी नसे. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवलेला, तो वाटून चीक काढायचा, पहाटे तो चीक शिजवायचा, सोऱ्यातून धाब्यावर कुरडया घालायच्या, उन्हं चढायच्या आत उरकायचं. शिजलेल्या चिकाचा गोळा, त्यात खड्डा, खड्ड्यात तेल आणि मीठ. पोरांचा नाश्ता तोच. आजीचं म्हणणं असं की कुरडईचा गहू गोड पाण्यातच भिजवला पाहिजे, नाहीतर ती तळल्यावर फुलत नाही. खरं-खोटं तिलाच ठाऊक. पण कुरडयांच्या आठवड्यात मामाच्या पाण्याच्या खेपा वाढत, एवढं मी पाहिलेलं आहे. सरगुंडे तेवढे मला आवडत. काडीला कणकेची तार गुंडाळत जायची, वाळवायची, मग उकडून रसाबरोबर खायचे. मामी बोलता बोलता काडी भरून टाकायची. माझी काडी कायम मध्येच तुटे.

संध्याकाळी अंगणात सडा पडायचा. मग बाजा बाहेर येत. धोतराची मऊ गोधडी, वर आभाळ. आबाजी गाडगेबाबांच्या गोष्टी सांगत. बाबा आमच्याच मुलखातले, जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. वडील लवकर गेले, मग आई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आपल्या माहेरी गेली. म्हणजे बाबांचं बालपण आजोळीच गेलं. पण ते सुट्टीचं आजोळ नव्हतं. गुरं राखायची, मामाच्या शेतात राबायचं. पुढे सावकाराने मामाची जमीन घशात घातली. कर्जाच्या कागदावर आंधळेपणाने अंगठा उठवू नका, पोरांना शिकवा, हे बाबा पुढे जन्मभर सांगत राहिले ते वाचून शिकलेलं नव्हतं, दापुऱ्यातच पाहिलेलं होतं. आबाजींनी त्यांचं कीर्तन लहानपणी ऐकलेलं. बाबा आधी गाव झाडायचे, मग कीर्तनाला उभे राहायचे. आबाजी हे सांगून झालं की आमच्या बाजांखाली पडलेल्या आंब्याच्या कोयींकडे बोट दाखवत आणि आम्ही निमूट उठून कोयी उचलत.

आठवड्यातून एकदा मामा अंजनगावच्या बाजाराला न्यायचा, शकुंतलेनेच. अंजनगाव आलं की हवा वेगळी लागे. पानमळ्यांची ओल, केळ्यांचे घड, मेळघाटातून उतरून आलेल्या कोरकू बायकांच्या टोपल्यांत चारोळी, टेंभरं, मोहाची फुलं. मामा शाळेत इतिहास बरा असलेला माणूस. तो दर वेळी बजावायचा की दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांबरोबर तह केला तो इथेच, सुर्जी-अंजनगावला, 30 डिसेंबर 1803 रोजी. त्याआधी पंधरा दिवस गाविलगड पडला होता. आम्हांला टेंभरं हवी असायची. मामाला एक चिंता वेगळीच. बाजारात ओळखीचे लोक भेटत, कोणाची मुलगी, कोणाचा मुलगा, अशी बोलणी निघत, आणि आमच्या गावाचं नाव निघालं की समोरचा माणूस हळूच म्हणे, "पोरगा चांगला हाये, पन पानी खारं." मामाच्या धाकट्या भावाचं लग्न याच एका वाक्यावर दोनदा मोडलं. मुलगी द्यायची तर गोड पाण्यात, असा साधा हिशोब. आजीच्या वडिलांनी तो का केला नाही, हे तिने आम्हांला कधी सांगितलं नाही. विचारायचं धाडसही कोणाला झालं नाही.

आता तिथे आजी नाही, आबाजी नाहीत. मागच्या हिवाळ्यात मी गेले ते मूर्तिजापूरहून गाडी करून, रस्त्याने. रस्ता चांगला आहे. हरभरा घाट्यांना आलेला, रान हिरवं, मे महिन्यात जे कधी पाहिलं नव्हतं ते सगळं पाहिलं आणि वाटलं, आपण या गावाला वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यातच भेटत होतो. मामेभावाने शेततळं केलंय. पावसाचं पाणी साठवून ते हरभऱ्याला एक-दोन वेळा द्यायचं. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ खारपाणपट्ट्यासाठी हेच सांगत आलंय. घरात नळ आहे, शहानूर धरणाचं पाणी येतं. रोज नाही, पण येतं, आणि त्यात डाळ शिजते. उन्हाळ्यात नळ आखडला की आरओच्या पाण्याचा जार विकत घेतात. काटेरी फांदीचा कायदा संपला. त्याची जागा पैशाने घेतली. झिऱ्याला फक्त कष्ट लागत, जाराला रोकड लागते, आणि ज्याच्याकडे नाही तो अजून आडाचंच पितो. मूतखडा आणि किडनीची दुखणी या पट्ट्यात घरोघरी ऐकू येतात. वहिनी हे सांगत होती आणि तिचा हात सवयीने माझा पेला अर्धाच भरत होता.

शकुंतला मात्र गेली. अचलपूरची गाडी 2016 च्या सुमारास थांबली ती थांबलीच. मी बनोशाहून थोडं अंतर रुळांच्या कडेने चालून पाहिलं. बाभळी माजल्यात. काही ठिकाणी रूळ दिसतात, काही ठिकाणी मातीखाली गेलेत. गाडी वाचवण्यासाठी लोकांनी आंदोलनं केली, अर्ज-विनंत्या केल्या. मार्ग ब्रॉडगेज करायच्या घोषणाही ऐकल्या. शेवटच्या वर्षांत गार्डच तिकिटं फाडायचा आणि सिग्नलही तोच बघायचा, इतकी माणसं कमी झाली होती. तरी डबा भरलेला असायचा, असं भाऊ सांगतो. कारण तिकीट एस्टीच्या मानाने फारच स्वस्त होतं आणि टोपलीचे पैसे कोणी मागत नव्हतं. बाजारला भाजी नेणारी बाई, दर्यापूरच्या कोर्टात तारखेला जाणारा म्हातारा, अचलपूरला कामाला जाणारी पोरं यांना वेग नको होता. चार तास लागले तर लागले.

अधूनमधून कोणी लेख लिहितं, फिल्म काढतं की शकुंतलेला वारसा म्हणून जपा, पर्यटकांसाठी चालवा, माथेरानसारखी. माझा त्याला विरोध आहे, आणि मी त्या गाडीवर किती जीव लावला ते इथवर वाचलेल्याला सांगायला नको. खिडकीतून फोटो काढायला चार डबे सुटले तर आमच्या गावच्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्याला तिकीट परवडणार नाही आणि टोपली चढू देणार नाहीत. अडीच फुटी रूळ उखडून रुंद टाकायचे असतील तर खुशाल टाका. नाव बदललं तरी चालेल. मूर्तिजापूर ते अचलपूर रोज दोन वेळा जाणारी, प्रत्येक लहान स्टेशनावर थांबणारी, गरिबाला परवडणारी साधी पॅसेंजर गाडी द्या. दर्यापूर-अंजनगावचे लोक इतकी वर्षं एवढंच मागतायत.